अकरा वर्षांचा दगड

त्या बेटावर रस्ता मध्येच संपतो.
पुढे डांबर नाही, काळी साय आहे,
घड्यांवर घड्या पडून गोठलेली,
आणि तिच्या पलीकडे समुद्र,
जो अजून तिच्याशी भांडतोय.

मी चाळीस दिवस तिथं चालले.
बुटांचे तळ दोनदा फाटले.
भेगेत हात घातला की आतून ऊब यायची
बाळंतिणीच्या खोलीतल्यासारखी.
पाऊस आत शिरायचा आणि वाफ होऊन परत यायचा.
त्या वाफेच्या कडेला पहिलं कोण राहायला आलं,
तर करंगळीएवढा एक नेचा.
वहीत नोंद केली: उंची, दिशा, तारीख.
नावाची जागा रिकामी ठेवली.

किनाऱ्याची वाळू काळी.
अनवाणी उभी राहिले तर
टोपच्या खाणीतली कच चावते तशी चावली.
लाट मागे सरली की खडे एकमेकांवर घासत जायचे,
क्रशरमधून खडी उतरावी तसा आवाज.
त्या आवाजात मला झोप छान लागायची.

वर चढाला ऊस होता. होय, ऊसच,
शिरोलीच्या माळावर दिसतो तसा, तुऱ्यावर आलेला.
त्याच्या बांधाला सेलिमेनचं घर, जिथं मी उतरले होते,
आणि तिच्या परसात
पाटा. वरवंटा. मिरचीचा लाल डाग.
वापरून वापरून तुळतुळीत झालेला,
मसाला नुसताच वरून घसरत होता.

तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला.
मी नमुने फोडायची हातोडी काढली, छिन्नी काढली,
मांडी घालून बसले.
तिरक्या ओळी, मग उलट्या तिरक्या,
मधोमध आई काढते तसा एक मासा.
तिच्याबरोबर गल्लोगल्ली फिरताना हे शिकले होते
आणि कॉलेजात जायला लागल्यावर लपवलं होतं.
सेलिमेननं मूठभर मिरच्या टाकल्या,
दोनदा वरवंटा ओढला,
आणि हसली. दगडाला पुन्हा दात आले होते.

परतले तेव्हा टोपात दिवेलागण होत होती.
आई, शिदव्वा, खाणीच्या वरच्या अंगाला
एका वरवंट्याला गोलाई देत होती.
मी खिशातला तुकडा तिच्या हातावर ठेवला.
तिनं तो आधी जिभेला लावला,
मग कानाशी धरून नखानं वाजवला.

"कच्चा हाय ह्यो. अजून दुधावर हाय.
किती वर्साचा?"
अकरा.
"आन् आपला?"
साडेसहा कोटी, मी म्हटलं.
ती हसली नाही.
ब्रासचा हिशेब करताना करते
तसं मनात काहीतरी मोजलं.

मग मी सांगितलं, चूल एकच आहे.
जोतिबाचा डोंगर त्याच आगीनं रचला,
पन्हाळ्याचा कडा, रंकाळ्याच्या तळाचा दगड, ही खाण.
नंतर जमीन उत्तरेला सरकत आली,
चूल राहिली तिथंच.
आता ती त्या बेटाखाली पेटते.

आईनं छिन्नी खाली ठेवली.
"म्हंजे जमीनबी आपल्यावाणीच की.
गाढवावर बिऱ्हाड टाकून निगालेली.
चूल मातूर मागं ऱ्हायली."

ह्यावर मी प्रबंधाची तीनशे पानं लिहिलीत.

वाटलं होतं, तो दगड ती देवळीत ठेवेल
यल्लम्माच्या तसबिरीशेजारी.
रात्री बघते तर मोरीत बसून,
लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून,
ती त्यानं टाच घासत होती.
"पाट्याचा न्हाई ह्यो. वजरीचा हाय."
भेगांतून काळं पाणी निघत होतं,
चाळीस वर्षांची खाण, थोडी थोडी,
मोरीच्या भोकाकडे.

"झ्याक घासतोय," म्हणाली.
"आनिक आणलायस का?"