धडा तिसरा

शाळेच्या पुस्तकात दाली तिसऱ्या धड्यात आहे.
शीर्षक : पुराणकथा.
सोनेरी केसांची, कड्यावर राहणारी, रानबोकडांची धनीण.
खाली कंसात, बारीक टायपात : प्राचीन लोक असे मानत.

संत ज्गराग नवव्या धड्यात. शीर्षक : धर्म.
त्याला कंस नाही.

दरवर्षी मी दोन्ही शिकवते, एकाच खडूने.
यंदा मुर्झाने हात वर केला,
जोकियाचा धाकटा, नाक कायम वाहतं.
बाई, माझा बाप शिकार झाली की
काळजाचा पहिला तुकडा कड्यावर ठेवतो, तिच्यासाठी,
मग गावात येऊन ज्गरागला मेणबत्ती लावतो.
तो कितव्या धड्यात?

वर्ग हसला.
प्राचीन लोक म्हणजे जोकिया?
त्याच्याकडे मोबाइल आहे,
आणि माझं दोनशे लारी देणं.

संध्याकाळी वडिलांकडे गेले.
चर्चची किल्ली चाळीस वर्षं त्यांच्या कमरेला.
गोठलेल्या कुलपावर ते फुंकर घालत होते,
तान्ह्या वासराच्या नाकावर घालावी तशी.
आत भिंतीवर ज्गराग, पांढरा घोडा, भाला,
आणि मागे, काजळीत अर्धा बुडालेला,
कड्यावर पिवळ्या रंगाचा एक लांब फराटा.
"बिशप म्हणाले, ओल आलीय, पुसून घ्या."
"मग?"
"मी म्हटलं, हो, ओलच आहे."
मेणबत्तीची वात त्यांनी चिमटीत सरळ केली.
"राहू दे म्हटलं. उन्हाळ्यात वाळेल."

माझा भाऊ बेसिक त्या कड्यावरून पडला
तेव्हा आईने इथली घंटा वाजवली,
गुडघ्यांवर बसली, सगळं रीतीप्रमाणे.
आणि रात्री खिडकी उघडून
कड्याला शिव्या घातल्या, तिचं नाव घेऊन,
सवतीला घालतात तशा.
केसांवरून. रूपावरून.
पोर खाल्लंस म्हणाली.
गोष्टीतल्या बाईला
इतक्या थंडीत खिडकी उघडून
कोण शिव्या घालतं?

सहामाहीला प्रश्न होता, रिकामी जागा भरा :
दाली कड्यावर राहत ______.
उत्तरसूचीत 'असे'.
मुर्झाने लिहिलंय 'आहे',
आणि कडेला, न विचारता, एक बोकड काढलाय,
शिंगं पानाबाहेर गेलेली.

लाल पेन उघडं धरून बसलेय.
शाई टोकाशी वाळत चाललीय.
वर कुठेतरी एक दगड सुटला, घरंगळत इंगुरीत पडला.
बोकड असेल.
बोकडच असेल.