आणखी काय देऊ

गोळीबार चौक, पराते मेडिकल.
काउंटरमागे मी, बी. फार्म., वय सत्तेचाळीस.
कूलरला वाळ्याचा वास,
आणि समोर एक पोरगा, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र,
एकोणिसावं लागलं असेल,
दहा मिनिटांपासून बाम पाहतो आहे.

आधी क्रोसिन घेतली. मग खोकल्याच्या गोळ्या.
मग इलेक्ट्रॉल, दोन पाकिटं.
एवढं दुखणं एका माणसाला नसते रे बाबू.
मी विचारते, आणखी काय देऊ?
तो म्हणतो, काही नाही काकू.
आणि जात नाही.

मागच्या आठवड्यात लॉ कॉलेजची एक आली होती,
मैत्रिणीसाठी.
सगळ्या मैत्रिणीसाठीच येतात.
इतकी मैत्री मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.
बहात्तर तासांची गोळी तिनं पाचव्या दिवशी मागितली.
म्हणाली, दुकानात गर्दी होती.
चार दिवस. गर्दी होती.
मी डॉक्टरबाईंचं नाव लिहून दिलं, ओपीडीची वेळ,
आजच जा म्हटलं,
आणि खाली, का कोण जाणे, ‘घाबरू नको’
– ‘जेवणानंतर’ लिहितो ना, तसं.

हसू कशाला तिला?
मला रेणूंची नावं तोंडपाठ होती,
नवऱ्याला एक वाक्य म्हणता आलं नाही.
थोरल्याला दात यायच्या आत
धाकटी पोटात होती.

तान्ह्या पोळ्याला मारबत निघते.
लोक ओरडतात, खोकला, खरूज, डास
घेऊन जा गे मारबत!
मीही ओरडते, धंद्याचं नुकसान करून.
ही खाली घातलेली मान मात्र
तिच्यासोबत कोणी पाठवत नाही.

ड्रॉवर उघडते. पाकीट काचेवर ठेवते,
बामच्या शेजारी, तेवढ्याच आवाजात.
तारीख पाहून घेत जा, म्हणते.
एक एकदाच वापरायचा.
आणि गाडीच्या डिक्कीत ठेवू नको,
सेहेचाळीस डिग्री आहे, रबर खराब होते.

त्याचे कान लाल. पण ऐकतो.
डिक्कीचं ऐकून तर चक्क वर पाहतो.
बाम राहिला, खोकल्याच्या गोळ्या राहिल्या.
इलेक्ट्रॉल तेवढं नेलं. बरं केलं.

धाकटीला हे अजून सांगितलं नाही.
ती पुण्याला असते.
तिकडे ऊन कमी आहे म्हणतात.