दोनशे, सगळं ठीक

क्लाक्सविकच्या धक्क्यावर फेरीबोटींची कचेरी.
तिकिटांची नवी सेवा आम्ही बांधली
आणि दारावर पाटी लावली: रेस्ट.
कुणी विचारलं नाही, विश्रांती कसली, कुणाला.

नाव सोनुबाई.
आत सगळे पत्ते क्रियापदांचे.
तिकीट-काढा. तिकीट-बदला.
रद्द-केलेलं-तिकीट-पुन्हा-उठवा.
पत्त्याला नाम लागतं, हे आम्हाला ठाऊक होतं.
नामाच्या घरी जाऊन दार वाजवता येतं,
क्रियापदात नुसतं धावता येतं.
पण डेडलाइन होती, आणि आम्ही धावलो.

काहीही बिघडलं तरी आमचं उत्तर एकच:
दोनशे. सगळं ठीक.
आत बारीक अक्षरांत:
बोट नाही. खलाशी आजारी. असं बेट सापडलं नाही.
वाईट बातमीच्या पत्राचा कोपरा फाडतात,
म्हणजे उघडण्याआधीच हाताला कळतं.
आमची पत्रं चारी कोपरे शाबूत ठेवून जायची
सुतकाच्या घरी.

मग ऑक्टोबरातली ती रात्र.
रद्द करण्यासाठीही आम्ही साधं ‘बघणं’च ठेवलं होतं:
दुव्याकडे पाहिलं की तिकीट गेलं.
कुठलंसं शोधयंत्र आलं, गरीब, कामसू.
त्यानं काही मोडलं नाही, काही मागितलं नाही,
फक्त पाहिलं,
एक दुवा, मग पुढचा, मग पुढचा.
नजर लागणं म्हणतात ते हेच असावं.
पहाटेपर्यंत एकशे बारा तिकिटं रद्द,
आणि आमच्या नोंदवहीत एकशे बारा वेळा
दोनशे. दोनशे. दोनशे.

सकाळी हेर्गायर साठ मेंढ्या घेऊन उभा.
खलाशाच्या हातात कोरी यादी.
तो यादीकडे बघतो, मेंढ्यांकडे बघतो,
पुन्हा यादीकडे.

शेवटी रान्वाला बोलावलं.
तीस वर्षं खिडकीत बसलेली,
आता कालचं काही आठवत नाही तिला.
“आपण भेटलो होतो ना,” चालत नाही तिच्यापुढे.
दर वेळी सगळं सांगायचं, पहिल्यापासून:
नाव, बेट, मेंढ्या किती.
ती सगळं चिठ्ठीवर उतरवते
आणि चिठ्ठी तुमच्याच मुठीत देते.
मागच्या बाजूला लिहिते, इथून कुठे जाता येईल:
बदलायचं तर डावीकडे,
रद्द करायचं तर सही करून,
थांबायचं तर शेगडीजवळ बाक आहे.
नकाशा पाठ करून कुणी आलंच नव्हतं.
तरी कुणी हरवलं नाही.

दुपारी ती जेवायला उठली,
तिची भाची सुन्वर खिडकीत बसली.
रांगेतल्या कुणालाही फरक पडला नाही.
चिठ्ठ्या ज्याच्या त्याच्या हातात होत्या.

मी मागे उभा राहून पाहत होतो.
ही पाटी आमच्या दारावर होती.

संध्याकाळच्या बोटीला मेंढ्या मोजल्या: एकोणसाठ.
हेर्गायरनं धक्का पालथा घातला, गोदाम, गल्ली.
रान्वानं चिठ्ठी मागितली आणि वरच,
मोठ्या अक्षरांत, लिहिलं: सापडली नाही.
मग ती माझ्याकडे दिली, त्याला पोचवायला.

बोटीपर्यंत पाच मिनिटांची वाट.
चालता चालता, नकळत,
मी कोपरा फाडला.