धोका पेंटरचं नवं वर्ष

सतरा वर्षं मी एकच शब्द लिहितो.
खांबावर, डीपीवर, सबस्टेशनच्या फाटकावर
पत्र्याचा साचा धरायचा, लाल रंगाचा बोळा फिरवायचा:
धोका.
वर कवटी, मागं दोन हाडं.
ध-वरची रेघ तशीही तुटकीच असते,
साच्यानं ती आणखी तुटते.
कोणी तक्रार केली नाही.
पोट्टे मला धोका पेंटर म्हणतात,
पार्बतापण म्हणते, भांडण असलं की.

कोशाचे किडे बघायला आलेली फुमिएबाई
देऊळटोल्यात हिवाळाभर राहिली.
कोसा केंद्रातल्या बायांकडून शिकलेल्या मराठीत म्हणाली,
आमच्या इथं नवं वर्ष लागलं
की दुसऱ्या दिवशी पहिलं लिहिणं असते.
वर्षाचा पहिला शब्द. कुंचल्यानं.
तुम्ही शिकता का?

तिची शाई चौथ्या दिवशी संपली.
मग जवसाच्या तेलाचा दिवा लावला,
वर कवेलू उपडं ठेवून काजळ धरलं,
धावड्याचा डिंक भिजवला,
आणि देवघरातल्या सहाणेवर
चंदनाच्या जागी ते काळं उगाळलं.
पार्बता दोन दिवस बोलली नाही.
कुंचल्याला केस झिबल मडावीच्या बकरीचे.
कागद म्हणजे रद्दी:
धानाचे भाव, निधनवार्ता, हरवलेल्या पोराचा फोटो,
सगळ्यांवरून आमच्या ओल्या रेघा.

झिबल लाईनमन होता.
सत्तेचाळीस नंबरच्या खांबावर,
मी लिहिलेल्या शब्दाच्या पाच-सहा हात वर
त्याचा उजवा हात गेला.
लाईन बंद सांगितली होती.
कोणीतरी चालू केली.
तो खांब मी दरवर्षी रंगवतो.
त्याबद्दल आम्ही बोलत नाही,
बकरीबद्दल बोलतो.

पहिला धडा: एक.
एक म्हणजे एक आडवी रेघ. बस.
मला हसू आलं. बाई, ही तर आमची शिरोरेघ,
आम्ही आधी भिंती उभ्या करतो, छप्पर शेवटी.
तिच्याकडं छप्पर हाच अख्खा शब्द.
टेकव, थांब, ओढ, थांब, उचल.
माझी रेघ बारीक झाली की मी पुन्हा हात मारायचो.
ती कागदच ओढून घ्यायची.
"गिरवून राहिला तू."
गिरवणारच ना, बाई. माझं पोट त्याच्यावर आहे.

झिबलची डाव्या हाताची रेघ
सुरुवातीला धुऱ्यावर अडलेल्या बैलासारखी,
मग एकदम पलीकडं.
फुमिएबाईनं ती उन्हात धरली,
बराच वेळ बघितली, काही बोलली नाही.
मी माझी रद्दीच्या खाली सरकवली.

दोन तारखेला धुई इतकी
की शाळेच्या पडवीतून जवसाची निळी फुलंही दिसेनात.
वच्छलानं लिहिलं: नातू.
गुरुजींनी लिहिलं: प्रगती. कागद पुरला नाही,
ती शेवटची ती दुसऱ्या कागदावर गेली.
झिबलनं लिहिलं: चालू.
मी त्याच्याकडं बघितलं. तो कुंचला धुवत होता.

माझा हात सवयीनं ध-च्या गाठीकडं वळला.
थांबवला.
टेकवला, ओढला, उचलला.
खाली काय टांगावं सुचलंच नाही.
नुसतं छप्पर. एका बाजूला जरा कललेलं.
"एक," फुमिएबाई म्हणाली.
मी म्हटलं, नाही, अजून व्हायचं आहे.

संक्रांतीला तिनं सगळे कागद तणसाच्या जाळावर घातले.
ज्याचा कागद उंच उडेल, म्हणे, त्याचं अक्षर सुधारते.
प्रगती जागीच जळाली.
माझा उठला. काळा, पातळ, कडेला लाल,
कवेलूवरून, चिंचेवरून गेला
आणि तारेला जाऊन अडकला.
पोट्टे ओरडले, धोका! धोका!
आम्ही सगळे माना वर करून उभे.
झिबलनं शेकोटीत काडी टाकली.
"उतरवाले मी नाही चढत हं," म्हणाला.