वजावट

मार्चमध्ये ओतारूत बर्फ कडेकडेने काळा पडतो
आणि माणसं घरं बदलतात.
माझ्याकडे तेव्हा दिवसाला चार घरं, कधी पाच.
टॉर्च, टेप, यादी, आणि पायात
भोक नसलेले मोजे.
आई म्हणते, दुसऱ्यांची भोकं मोजणाऱ्याने
निदान एवढं पाळावं.

कुरामोतो बाई दारातच उभ्या होत्या.
चढावरची इमारत, दुसरा मजला, तेवीस वर्षं.
घर रिकामं. खिडकीत फक्त एक किटली
आणि उशीएवढी जाड फाईल:
सगळ्या भाडेपावत्या, तारखेने लावलेल्या.
मी ओळखलं, आज पुढच्या घरी उशीर होणार.

"हे काय?" मी चटईकडे बोट दाखवून.
"ऊन," त्या म्हणाल्या. "उन्हाचे पैसे भाडेकरू देत नाही."
बरोबर आहे. उन्हाने उडालेला रंग मालकाच्या खाती,
फ्रिजमागची काळी सावली मालकाच्या खाती,
कपाटाच्या पायांनी पाडलेल्या चार खळ्या,
त्याही मालकाच्या.
जगता जगता जे झिजतं ते भाड्यातच धरलेलं असतं.
हे मी दिवसातून दहादा समजावतो.
आज मला समजावलं गेलं, कलमासकट.

भोकं अकरा.
खिळा असेल तर वजावट, टाचणी असेल तर माफ.
बाईंनी ॲप्रनच्या खिशातून टाचण्यांची डबी काढली
आणि एकेका भोकात टाचणी बसवून दाखवली.
अकराव्यात ती टिकेना. पडली, घरंगळत भिंतीशी गेली.
आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो.
"इथे कॅलेंडर होतं," त्या म्हणाल्या,
"पानं उलटून उलटून भोक मोठं झालं."
मी 'टाचणी' लिहिलं.

मग मागची खोली.
भिंतीवरचा कागद कोऱ्या चहाच्या रंगाचा,
छताकडे जाताना आणखी कडक,
आणि खाली, माणूस टेकून बसला तर
डोकं जिथे येईल, तिथे तेलकट गोल.
धूर. धूर भाडेकरूच्या खाती,
त्यात वाद नाही.
पहिल्यांदाच त्याही गप्प.

वाईट वाटलं, खरं सांगतो.
म्हटलं, "स्वयंपाकाची वाफ लिहितो ना,
खोली तशी ओट्याला लागूनच आहे."
"वाफ?"
असा आवाज मी शाळेनंतर ऐकला नव्हता.
"बंदरावरून आले की इथे बसायचे.
दिवसाला दीड पाकीट. सोडा सोडा म्हणून
माझा घसा गेला.
आणि तुम्ही त्यांना वाफ करता?"

मग मी हिशेब सांगितला.
भिंतीच्या कागदाचं आयुष्य सहा वर्षं,
पुढे त्याची किंमत उरते एक येन.
म्हणजे तेवीस वर्षं बसून ओढलेल्या
सगळ्या धुराचा होतो एक येन.
तोही कोणी कापत नाही.

"कापा," त्या म्हणाल्या.

ऑफिसात त्सुकुदाने विचारलं, हे काय,
एक लाख तेरा हजार नऊशे नव्याण्णव?
पुरते चौदा कर की.
मी म्हटलं, राहू दे.
ती म्हणाली, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?
चूक वाटेल. फोन येईल बघ.

फोन आलाच, बाईंचा.
पैसे पोचले, आभारी आहे,
पण वजावटीची पावती राहिली.
फाईलला लागेल.
मी पेन घेतलं. रक्कम: एक.
कारण: तंबाखूचा धूर.
नाव तुमचंच घालू ना?

"माझं कशाला," त्या म्हणाल्या,
"मी कधी ओढली का?"
आणि अक्षरं सांगू लागल्या, सावकाश,
माझं लिहून होईतो थांबत:
तात्सु, ड्रॅगनचं अक्षर.
ओ, नवऱ्याचं.