वादपत्र परत

वादी : सत्यवती धोंडू कुबल, वय एकसष्ट,
धंदा मासेविक्री, राहणार तारामुंबरी.
वकिलाचे नाव :
या रकान्यात तिने लिहिलं होतं, 'मीच'.

वहीचे आठ कागद.
कोर्ट फीचं तिकीट भाताच्या शिताने चिकटवलेलं.
मी देवगड कोर्टातला आवक कारकून.
माझ्या टेबलावर पाटी आहे,
'कर्मचाऱ्यांनी पक्षकारांस सल्ला देऊ नये.'

रात्री दिवे पेटवून एक ट्रॉलर आला
आणि तिच्या होडीची बारा जाळी घेऊन गेला,
दोर, बोयरे,
आणि धाकट्याची दोन बोटं.

साहेबांनी विचारलं, घटना नक्की कुठे घडली?
"देवळाचो कळस आणि डोंगरावयलो आईन
एका रेषेत येतत, थंय. पंदरा वाव पाणी."
किलोमीटरमध्ये सांगा.
"माका वाव कळतत."
टंकलेखकाची बोटं तेवढी थांबली.

समोरचे वकील उठले :
हा विषय तहसीलदारांचा, या न्यायालयाचा नव्हे.
तहसीलदार चैत्रातच म्हणाले होते,
भरपाई? ती दिवाणीत मागा.
कचेरी याच आवारात आहे,
मधे एक फणस आणि पाण्याची टाकी.

साहेब वाईट नव्हते.
चष्मा दोनदा काढला, दोनदा घातला.
बाई, तुम्ही खोटं बोलता असं मी म्हणत नाही.
खरं बोलता असंही म्हणता येत नाही.
मला हे ऐकण्याचा अधिकारच नाही.

"मगे इतक्या येळ आयकलास कित्या?"

पंखा फिरत होता.

शेरा मी लिहिला :
दाखल तारीख, परत तारीख, कारण थोडक्यात.
'योग्य न्यायालयात सादर करणेसाठी.'
योग्य कुठलं, त्यासाठी छापील नमुन्यात ओळ नाही.
तिने कागद पिशवीत ठेवले,
सुक्या बांगड्यांच्या पुड्याला लागून,
आणि मला विचारलं,
"भावा, ह्या योग्य खंय बसता?"
मी पाटीकडे बघितलं.
तीही बघत होती. तिला वाचता येतं.

संध्याकाळी घरी न जाता जेटीवर गेलो.
कळस दिसला.
आईनही दिसला, पण कितीतरी डावीकडे.
बर्फाच्या कारखान्यापर्यंत चालत गेलो,
मग पुळणीच्या टोकाला.
दोघांतलं अंतर कमी होत गेलं, मिटलं नाही.
पुढे जमीन नव्हती.
चपला हातात घेतल्या.
अंगठ्याला शिक्क्याची जांभळी शाई होती,
पाण्याने ती लगेच जात नाही.