आतली कड

तुर्भ्याच्या पुलाखाली, कांद्याच्या ट्रकांमागे
मुश्ताक पारकरांचं दुकान.
पिवळी गाडी आत शिरली तशी पोरांनी हातातले पाने खाली ठेवले.
पारकरांनी आधी माझ्या चपला बघितल्या, मग चाकं.
"टायर तर बरे दिसतात, बाई."
मलाही तसंच वाटत होतं.

मग म्हणाले, वाका.
अजून.
अहो, झोपाच.
गोणपाट अंथरलं,
आणि मी, निवृत्त कार्यकारी अभियंता (रस्ते),
त्या तेलकट फरशीवर आडवी झाले.

मागच्या टायरची आतली कड:
टक्कल पडलेली, आणि एका जागी
तार.
बाहेरच्या खाचा मात्र शाबूत,
पाहुण्यांसाठी काढलेल्या कपबशांसारख्या.
"ह्या गाड्यांची चाकं डोक्याकडून आत कललेली असतात.
वळणावर पकड मिळते.
सरळ रस्त्यावर आतली कड त्याचं भाडं भरते."
उठताना माझा गुडघा कटकन वाजला.
पारकरांनी तेवढ्यात बिलबुक शोधायला घेतलं.

तीन टायर उभे केले समोर.
एक मऊ, नख दाबलं तर खळी पडेल असा.
तापला की रस्ता सोडत नाही,
आणि आठ हजार किलोमीटरांत संपतो.
दुसरा जरा कडक. रुंद पन्हळी, मधोमध चार.
तिसऱ्याच्या भिंतीवरचे चार आकडे त्यांनी स्वतःच वाचले,
आठवडा, साल,
"हा गोदामातच म्हातारा झालाय,"
आणि पायानं मागे ढकलला.

"चालवणार कुठे?"

लोणावळ्याचा घाट माझ्या जिभेवर आला होता.
खरं असं, की रविवारी पहाटे पाच,
नेरूळ ते बेलापूर, पाम बीचनं, आणि परत.
साठची मर्यादा. खांबाखांबावर कॅमेरे.
सोसायटीच्या गतिरोधकावर तिरकी घ्यावी लागते,
वॉचमन साळसकर दर वेळी
स्वतःचंच पोट खरडणार असल्यासारखा श्वास ओढून धरतो.
भविष्यनिर्वाह निधीचा एवढा मोठा तुकडा
ह्या एवढ्या रस्त्यासाठी.
सांगितलं.
हसले नाहीत.
"मग मऊ कशाला? तो तापणारच नाही कधी."

बत्तीस वर्षं मी डांबराच्या बाजूनं विचार केला.
खडी किती, थर किती मिलिमीटर,
ठेकेदार किती.
रबराच्या बाजूला कोण बसलंय, ह्याचा रकाना
फाइलीत नव्हता.
पारकर तळहात पसरून दाखवतात:
"जमिनीला टायर एवढाच टेकतो. चार चाकं, चार तळवे."
आणि मला ते वळण दिसतं,
किल्ल्याच्या अलीकडचं,
जिथे उतार पाऊण टक्का कमी पडला,
पाऊस पडून गेल्यावर तासभर पाणी धरतं.
मार्चअखेर होती. बिल पास केलं. सही माझी.
त्या पाण्यावरून आजवर किती तळवे गेले
मी कधी मोजलं नाही.

"पन्हळीवाला द्या," म्हटलं.
का, ते विचारलं नाही त्यांनी.
मागच्या दोघांचे एक लाख सहा हजार.
पुढचे दिवाळीपर्यंत थांबतील.

जुने हरेश्वरनं मागितले.
दिवाळ्याच्या जेट्टीवर त्याच्या मेव्हण्याची होडी आहे,
धक्का लागू नये म्हणून बाजूला बांधायला.
"तारेची बाजू बाहेर ठेव रे," पारकर म्हणाले,
"होडीचा रंग खरवडेल."
मी मनात ती कड बाहेर, उजेडात बघितली,
भरतीला वरखाली होताना.

नव्या रबराला बारीक केस होते.
साच्यातून निघताना राहिलेले.
मी त्यांच्यावरून हात फिरवला, पोरांदेखत.
"अंगावर अजून साच्याचं तेल आहे त्यांच्या,
दोनशे किलोमीटर जपून."
म्हणजे अकरा-बारा रविवार.

चाळीसनं निघाले.
सानपाड्याला एका रिक्षानं डावीकडून मागे टाकलं,
चालकानं वळून गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे,
मग पुन्हा गाडीकडे.